डावीकडच्या सीटवरचे आगटेसाहेब

भालचंद्र आगटे गाडी चालवत नसत. येत नव्हती म्हणून नव्हे. दिल्लीत आमच्या मंत्रालयात लागले तेव्हा ते स्कूटर चालवत आणि रिंग रोडच्या गर्दीतही चांगली चालवत. पण घरात मारुती आली तेव्हा त्यांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्याचं कारण ते कँटीनमध्ये, जिन्यात, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या नवऱ्यांसमोर, कुठेही मोठ्या अभिमानाने सांगत.

"कायदा ड्रायव्हरला आहे, पोतनीस. पॅसेंजरला नाही."

मी या माणसाबद्दल गोड लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर पानभर मजकूर आला होता. त्यात ते हसतमुख आहेत, दिलदार आहेत, गणपतीत आरती खणखणीत म्हणतात आणि दिल्लीत नव्याने बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला गॅसपासून शाळेपर्यंत सगळी मदत करतात, असं लिहिलं होतं. यातलं काहीही खोटं नाही. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी कॉलनीत आलो तेव्हा आमचाही गॅस त्यांनीच मिळवून दिला होता. ते दुसऱ्या मजल्यावर राहत, आम्ही त्यांच्या खाली पहिल्यावर. अनेक वर्षं मी त्यांचं खोकणं, हसणं आणि रेडिओ ऐकला. आणि तरीही मी जे लिहितो आहे ते विचारपूर्वक लिहितो आहे.

ते आस्थापना शाखेत होते. निवृत्तीआधी अवर सचिव झाले. रजा, बदल्या, बढत्या, आचरणाचे नियम, हे सगळं त्यांच्या जिभेवर असे. एखादा माणूस अडचण घेऊन आला की डोळे मिटून नियमाचा क्रमांक सांगत. लोकांना त्याचं कौतुक वाटे. मी लेखा शाखेतला, बी.कॉम. झालेला साधा माणूस. मला एवढंच दिसे की ते नियम वाचत तेव्हा तो कशासाठी केला आहे हे बघत नसत. आपण त्यातून कुठून निघू शकतो, हे बघत.

गाडी त्यांनी पत्नीच्या नावावर घेतली. सरकारी नोकराने मोठी वस्तू घेतली की कार्यालयाला कळवावं लागतं, ती कटकट नको म्हणून. वीणावहिनी एका खाजगी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवत. चाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. सरोजिनी नगरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलची, छतावर पाटी लावलेली गाडी रोज सकाळी खाली यायची आणि वीणावहिनी ताठ बसून, ओठ आवळून ती कॉलनीच्या फाटकाबाहेर न्यायच्या. माझी बायको सुमित्रा बाल्कनीतून म्हणायची, "ताई, गाडी घाबरलीय तुम्हाला, तुम्ही नका घाबरू!" पुढे त्या उत्तम चालवू लागल्या. त्यांना ते आवडायचंही. मात्र शिकवलं कशासाठी होतं, हे पहिल्याच महिन्यात कळलं.

डावीकडच्या सीटवर आगटे बसत. कुठे लांब जायचं असलं की पायांशी एक कापडी पिशवी. पिशवीत बाटली, स्टीलचा पेला, पाण्याची बाटली आणि सुमित्राकडून मागून घेतलेला चिवडा. गाडी मोठ्या रस्त्याला लागली की बाटली बाहेर निघे आणि पेला भरून झाला की दोन बुटांच्या मध्ये उभी राही. गाडी वळली तरी ती पडत नसे. याचंही ते प्रात्यक्षिक करून दाखवत.

"अहो, निदान झाकण तरी लावा," वीणावहिनी म्हणत.

"झाकण लावलं की परत उघडावं लागतं. तेवढे श्रम कशाला?"

दिल्लीत हे काही जगावेगळं नव्हतं. दारूच्या ठेक्याबाहेर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. काचा वर, आतला दिवा बंद, आणि बॉनेटवर प्लास्टिकचे ग्लास. सगळे हसून त्याला गमतीची नावं देतात. मला त्यात कधी गंमत दिसली नाही. घरी पिता येत नाही, हॉटेलात परवडत नाही, म्हणून माणसं रस्त्याला आपली बैठकीची खोली करतात आणि शेजारून जाणाऱ्या बायामुलींना ती खोली ओलांडून जावं लागतं. पोलिस ते उघड्यावर पिणंच धरतात आणि ते बरोबर आहे. गाडीला काचा आहेत म्हणून रस्ता तुमचा होत नाही. हे मी एकदा आगट्यांना म्हणालो, तर ते म्हणाले, "पोतनीस, तुम्ही लेखावाले. तुम्हाला सगळीकडे आक्षेपच दिसतो."

त्यांची मुलगी उल्का लग्नानंतर गुडगावला, म्हणजे हरियाणातल्या आताच्या गुरुग्रामला, राहायला गेली. तिच्या सोसायटीच्या फाटकावर नाव विचारून, फोन करून, गाडीचा नंबर लिहून घेऊन मग आत सोडत. आगटे दर रविवारी तिच्याकडे जात. तिथे जावई शिष्टाचाराने एकच ग्लास पुढे करायचा. आगट्यांची तहान त्याने भागत नसे. सोसायटीजवळच दुकान होतं आणि दिल्लीपेक्षा स्वस्त. त्यामुळे परतीचा प्रवास हा त्यांचा खरा रविवार. बाटली तिथे घ्यायची, तिथेच उघडायची आणि लक्ष्मीबाई नगर येईपर्यंत निवांत बसायचं. हरियाणातून आणायचीच तर सीलबंद आणावी, एवढं कॉलनीतला पोरगाही जाणत होता. आगटेही जाणत होते.

ज्या रविवारची ही गोष्ट आहे तो होळीच्या आधीचा रविवार होता. उल्काने आम्हा दोघांनाही जेवायला बोलावलं होतं. तिने केलेल्या पुरणपोळ्या थोड्या जाड झाल्या होत्या, पण सुमित्राने दोन खाल्ल्या आणि कौतुक केलं. जेवताना वीणावहिनींनी एक बातमी सांगितली. एप्रिलपासून त्यांना प्राथमिक विभागाची मुख्याध्यापिका करायचं शाळेच्या समितीने तोंडी ठरवलं होतं. पत्र यायचं होतं. हे सांगताना त्या इतक्या संकोचल्या की भाताचा घास तसाच हातात राहिला. आगटे म्हणाले, "अरे वा! मी मेमध्ये रिटायर होतो आणि ही एप्रिलमध्ये साहेब होते. घरात एक तरी साहेब पाहिजेच." सगळे हसलो. तेव्हा मीही हसलो.

चारच्या सुमारास निघालो. वीणावहिनी चालवायला, आगटे डावीकडे, आम्ही मागे. सोसायटीच्या फाटकाबाहेर त्यांनी गाडी थांबवायला लावली, दुकानात गेले आणि बाटली घेऊन आले. गाडीत बसताच सील तोडलं.

"अहो, होळीचे दिवस आहेत," वीणावहिनी म्हणाल्या. "नाक्यावर तपासतायत. घरी जाऊन घ्या ना."

"नाका ड्रायव्हरचं तोंड हुंगतो. तुझं तोंड हुंगू दे. वेलचीचा वास येईल."

"आणि गाडीत बाटली दिसली म्हणजे?"

"बाटली काय गाडी चालवते?"

सुमित्रा मागून म्हणाली, "आगटेसाहेब, बाटलीला बोलता येत नाही हे नशीब. नाही तर तिने तुमच्या सगळ्या रविवारांचा हिशेब दिला असता."

"सुमित्रावहिनी," मागे वळून, पेला उंचावून ते म्हणाले, "बाटलीला बोलता येतं. मला तर तिचंच ऐकू येतं."

हा माणूस बोलायला मजेदार होता. त्यामुळेच तर इतकी वर्षं त्याचं खपून गेलं.

सीमेजवळ गाड्या सावकाश झाल्या. पिवळे अडथळे तिरके लावून एकेक गाडी बाजूला घेत होते. वीणावहिनींनी एकदा डावीकडे बघितलं. आगट्यांनी पेला पिशवीत टाकला, बाटली मात्र बुटांमध्येच राहिली. झाकण कुठे गेलं ते त्यांना सापडेना.

एका हवालदाराने हात केला. गाडी बाजूला घेतली. फौजदार तरुण होता, मिशी बारीक, उन्हाने वैतागलेला. वीणावहिनींसमोर यंत्र धरलं. त्यांनी फुंकलं. यंत्रात काही आलं नाही.

"मशीन में कुछ नहीं है मैडम," तो म्हणाला आणि खिडकीतून वाकून त्याने श्वास घेतला. "पर गाड़ी में से तो पूरा ठेका महक रहा है."

हवालदाराने डावीकडचं दार उघडलं. बाटली दोन बुटांमध्ये उभी होती. तळहातभर कमी झालेली. त्याने ती उचलून गाडीच्या टपावर ठेवली आणि आम्हा चौघांना उतरायला सांगितलं.

"किसकी है?"

आगटे सरसावले. "देखिए, मैं भारत सरकार में अंडर सेक्रेटरी हूँ."

"अच्छा जी. तो बोतल भी भारत सरकार की है?"

"मैं पैसेंजर हूँ. गाड़ी मैं नहीं चला रहा था. पैसेंजर पर ये कानून लागू नहीं होता."

"अंकल, चलाने का तो मैंने पूछा ही नहीं," फौजदार म्हणाला. "सड़क पर गाड़ी, गाड़ी में खुली बोतल. मैं पूछ रहा हूँ किसकी है, किसने खोली. जिसकी है उसका नाम लिखूँगा, मेडिकल होगा, बाकी कोर्ट में बोल लेना."

आगटे रस्त्याकडे बघू लागले. मग फौजदाराने विचारलं, "गाड़ी किसके नाम है?"

हा प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता. कागद तपासून ते कळणारच होतं. पण आगट्यांनी लगेच हात लांब केला आणि वीणावहिनींकडे बोट दाखवलं.

"इनके नाम."

वीणावहिनी त्या बोटाकडे बघत राहिल्या. मला आठवतं, त्यांच्या हातात अजून गाडीची किल्ली होती आणि ती त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

"फिर तो मैडम, आप ही बताओ," फौजदार म्हणाला. "कोई नहीं बोलेगा तो जिसकी गाड़ी उसकी बोतल."

मी पुढे झालो. "साहब, बोतल इनकी है," आगट्यांकडे हात करून म्हणालो. "इन्होंने खरीदी, इन्होंने ही पी. मैडम ने छुई भी नहीं."

"आप कौन?"

"पीछे बैठा था. पड़ोसी हूँ."

"पड़ोसी को तो मैं बाद में सुनूँगा. पड़ोसी तो हर केस में बहुत बोलता है. पहले मियाँ-बीवी बोल लें."

आगट्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या घरात चोरी करताना त्यांनी मला पकडलं होतं. मग ते वीणावहिनींच्या अगदी जवळ गेले. पोलिसांना मराठी कळत नाही, हा दिल्लीतल्या आपल्या लोकांचा मोठा आधार. भाजीवाल्यासमोर भाव ठरवताना, रिक्षावाल्यासमोर भांडताना, घरमालकासमोर त्याच्याचबद्दल बोलताना आपण बिनधास्त मराठीत बोलतो. तसेच ते बोलले. आवाज दबका, पण घाईचा.

"वीणा, ऐक. मेमध्ये माझं पेन्शन आहे. आता केस झाली तर सगळं अडकेल. तू फोडलीस म्हण."

"मी?"

"तुझं काय जाणार आहे? दंड भरू नि मोकळे होऊ. बाईमाणसाला ते जास्त त्रासही देत नाहीत. फोडलीस म्हण."

"अहो, माझं पत्र यायचंय. शाळेत कळलं तर? दारूची बाटली फोडून गाडी चालवणारी बाई म्हणून..."

"कोण सांगतंय शाळेला! फोडलीस म्हण ना! वीणा! फोड..."

"ओए!"

फौजदार ओरडला तसे दोन हवालदार धावले. एकाने टपावरची बाटली उचलून छातीशी धरली, दुसऱ्याने आगट्यांचं मनगट. रस्त्यावरच्या दोनचार गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघू लागली.

"सबूत फोड़वा रहा है! पुलिस के सामने! बीवी के हाथ से!"

आगट्यांना क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. "नहीं, नहीं साहब! फोड़ना नहीं! वो फोड़ना नहीं! मराठी में फोडना मतलब खोलना होता है!"

"अच्छा? मराठी में फोड़ने को खोलना बोलते हैं?"

"हाँ साहब! हम लोग बोतल फोडते हैं मतलब खोलते हैं. लिफाफा फोडते हैं. चिट्ठी भी फोडते हैं!"

"चिट्ठी फोड़ते हो?" हवालदाराने विचारलं. त्याला खरंच उत्सुकता वाटली असावी. "फिर पढ़ते कैसे हो?"

"पोतनीस!" आगटे माझ्याकडे वळले. "अहो सांगा ना यांना! फोडणे म्हणजे उघडणे! तुम्ही सांगा!"

मी खरं तेच सांगितलं. "जी, सही बोल रहे हैं. हमारी भाषा में बोतल फोडना मतलब बोतल खोलना. तोड़ना नहीं."

"पक्का?"

"पक्का."

फौजदाराने मान हलवली. हवालदाराने मनगट सोडलं. आगट्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि सुटलो अशा चेहऱ्याने हसलेसुद्धा. "भाषा का फर्क है साहब," ते म्हणाले. "होता है."

"होता है," फौजदार म्हणाला. तो विचार करत होता. "तो अंकल, आप मैडम को बोल क्या रहे थे? अब हिंदी में पूरा बोलो."

आगटे पुन्हा कपाळ पुसू लागले.

"फोडना मतलब खोलना. ठीक है. तो आप बोल रहे थे, खोल... खोली..." त्याने आमच्याकडे एकेकाकडे बघत शब्द जुळवले, मुलं बेरीज करतात तसे. "बोल कि तूने खोली. यही बोल रहे थे ना? बीवी से?"

मागून ट्रकचे हॉर्न वाजत होते. आगट्यांच्या हातातला रुमाल तसाच कपाळावर राहिला.

फौजदाराने हातातली वही मिटली. मग म्हणाला, "अंकल, तोड़ने को बोल रहे होते तो अच्छा था."

या माणसाबद्दल मी अनेक वर्षं जे मनात म्हणत आलो होतो, ते कधी एवढ्या थोड्या शब्दांत मला म्हणता आलं नव्हतं. मात्र प्रश्न अजून संपला नव्हता. माझं म्हणणं शेजाऱ्याचं होतं, फौजदाराचं अंदाजाचं. त्याने एक महिला हवालदार बोलावली, तिला वीणावहिनींजवळ उभं केलं आणि आवाज उतरवून विचारलं.

"मैडम, कोई दबाव नहीं है. आपने खोली?"

"वीणा," आगटे म्हणाले. नुसतं नाव. त्या हाकेत सगळं होतं. संसार, उल्काचं लग्न, मेमधलं पेन्शन, आणि आजवर प्रत्येक वेळी त्यांचं ऐकलं गेलं होतं ते.

वीणावहिनी रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला. वर्गात उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या आणि स्वच्छ हिंदीत म्हणाल्या, "नहीं. मैंने नहीं खोली. बोतल इनकी है, इन्होंने खोली. मैंने मना किया था. हर बार करती हूँ."

"लिख दूँ?"

"लिख दीजिए. और यह भी लिखिए कि गाड़ी मेरी है और मैंने पी नहीं है."

आगटे मराठीत काहीतरी ओरडले. ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की, त्याचा अर्थ फौजदाराला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

त्यांना तपासणीसाठी जीपमध्ये बसवलं. बसताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पोतनीस, तुम्ही तरी चला बरोबर." मी गेलो नाही. सुमित्राने माझा हात धरला होता, पण तिने धरला नसता तरी मी गेलो नसतो. वीणावहिनींनी गाडी सुरू केली. डावीकडची सीट रिकामी होती, तिच्यावर चिवड्याचे दाणे सांडलेले. महिपालपूर मागे पडलं. मग त्या म्हणाल्या, "सुमित्रा, मी वाईट केलं का गं?" सुमित्रा म्हणाली, "ताई, समोर बघा, सिग्नल लाल आहे."

पुढचं थोडक्यात. आगट्यांनी कोर्टात दंड भरला. कार्यालयाला कळलं आणि त्यांच्याकडून खुलासा मागितला गेला. त्यांनी खुलाशात लिहिलं की खाजगी गाडी हे सार्वजनिक ठिकाण होत नाही. हेच आगटे काही वर्षांपूर्वी चार्टर्ड बसमध्ये पिताना सापडलेल्या, फायली सांभाळणाऱ्या एका दफ्तरीच्या प्रकरणात टिपणी लिहून बसले होते की आचरण नियमांत सार्वजनिक ठिकाण म्हटलं की त्यात वाहनही येतं. त्या माणसाची वेतनवाढ रोखल्याचा आदेश आमच्याच शाखेत आला होता. त्याला दोन लहान मुली होत्या. आगट्यांना मात्र लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. मेअखेर त्यांचं पेन्शन आणि बाकी सगळं वेळेवर मिळालं, एक रुपयाही अडकला नाही. नियमांचा एवढा जाणकार माणूस. उघड्यावर प्यायल्याच्या दंडाने पेन्शन जात नाही, हे त्यांना नाक्यावर माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. पेन्शन जाण्याची भीती नव्हतीच. आपलं नाव लिहिलं जाण्याची लाज होती आणि ती लाज घ्यायला हाताशी बायको होती.

कॉलनीने काय केलं, तेही लिहायला हवं. पुरुष आगट्यांना म्हणाले, "चलो, होता है." बायका वीणावहिनींना काही म्हणाल्या नाहीत आणि हेच जास्त वाईट होतं. त्या जिन्यात आल्या की बोलणं थांबे. एका भिशीत एक बाई सुमित्राला म्हणाली, "काही म्हण, नवऱ्याला पोलिसांच्या ताब्यात देऊन घरी यायचं म्हणजे काळीज पाहिजे." सुमित्रा म्हणाली, "हो, पाहिजेच. तुमच्याकडे आहे का?" ती भिशी नंतर आम्ही सोडली. आगटे स्वतः सगळ्यांना सांगत की वीणाने त्यांना पकडून दिलं. फोडलीस म्हण, हे त्या गोष्टीत नसे. मी तिथे असलो की ते मी सांगे. मग आगटे मी असेन तिथे येईनासे झाले.

शाळेपर्यंत बातमी गेलीच. समितीच्या सचिवांनी वीणावहिनींना बोलावलं. आत जाताना त्या सुमित्राला फोन करून म्हणाल्या, "राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय." सचिवांनी विचारलं, तुमच्या गाडीत दारू सापडली हे खरं का? त्या म्हणाल्या, "खरं आहे. गाडी माझी, दारू नवऱ्याची. पोलिसांच्या कागदावर तसंच आहे." सचिव म्हातारे पंजाबी गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पोलिसांसमोर बोललात?" त्या हो म्हणाल्या. ते म्हणाले, मग मुलांसमोरही खरं बोलाल. पत्र त्याच आठवड्यात आलं.

पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी मी बाल्कनीत पेपर वाचत होतो. वीणावहिनी खाली आल्या, गाडीत बसल्या. आगटे इस्त्रीचा शर्ट घालून मागोमाग उतरले आणि डावीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार उघडेना. त्यांनी काचेवर टकटक केली. काच दोन बोटं खाली आली.

"कुलूप लागलंय," ते म्हणाले.

"लागलं नाही, लावलंय. तुम्ही मेट्रोने या."

"मेट्रोने? अगं, सगळे बघतायत!"

"बघू देत. आयएनए स्टेशनवरून बसा, शेवटच्या स्टेशनला उतरा. उल्का घ्यायला येईल."

"वीणा, हे फार होतंय."

"मी बरोबर नेते ते सामान आणि माणसं माझ्या नावावर लिहिली जातात," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला आता फक्त सामान न्यायचंय."

काच वर गेली. गाडी फाटकातून बाहेर पडली. आगटे थोडा वेळ तिथेच उभे होते. समोरच्या ब्लॉकमधला एक जण हात करून काहीतरी विचारत होता, त्याच्याकडे त्यांनी पाठ केली. मग वर बघितलं. मी पेपर बाजूला केला नाही, तोंडही फिरवलं नाही. ते वळले आणि मेट्रोच्या दिशेने चालू लागले.

सुमित्रा आतून चहा घेऊन आली. "कुठे निघाले आगटे?" तिने विचारलं.

"मुलीकडे," मी म्हणालो.

"चालत? बिचारे."

"बिचारे नाहीत," मी म्हणालो आणि चहा घेतला.